नवे प्रेक्षक

कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की मला हॉकी आठवते. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं माझा नातू विचारतो, आणि मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. दिवाळी सरलेली असते. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी तीच शाल नकोशी होते. ताडपत्री आवळलेले टेम्पो अंबड रस्त्यानं डुलत येतात आणि त्यांच्या मागं बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. मी फिरायला म्हणून निघतो आणि जुन्या गिरणीच्या वळणावर पाय आपोआप मंद होतात. तिथं आता गिरणी नाही, मैदानही नाही. मंगल कार्यालय आहे आणि त्याच्या मागं प्लॉट पडलेत. पण कापसाची गाडी शेजारून गेली, सरकीचा तो तेलकट, उबदार वास आला, की माझ्या कानांत आधी कर्ण्याची खरखर होते आणि मग माझाच आवाज ऐकू येतो. तरुण, खणखणीत, स्वतःवर खूश असलेला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा जिल्हा झालेलं नव्हतं. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता आणि लोकांना पुन्हा हसावंसं वाटू लागलं होतं. मी एका शाळेत मराठी शिकवायचो आणि जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या गल्लीत, माडीवर एका खोलीत राहायचो. आमच्या गावात हॉकी कुठून आली हे प्रत्येक जण वेगळं सांगे. कुणी छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांचं नाव घेई, कुणी निजामाच्या पलटणीचं. मला एवढंच ठाऊक, की माझ्या लहानपणी कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर पोरं बाभळीच्या वाकड्या फांद्या हेरून ठेवत आणि तोडायच्या आधी त्यांच्यावरून भांडत.

कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी एक मोठी गिरणी गावाच्या कडेला होती. तिचा स्वतःचा हॉकीचा संघ होता. खेळाडू गिरणीच्या पगारावर असत. कुणाची हजेरी गाठी बांधायच्या प्रेसवर लागे, कुणाची ऑफिसात, पण त्यांचं खरं काम म्हणजे खेळणं. नांदेड, परभणी, पार हैदराबादपर्यंत ते खेळून येत. रविवारी गिरणीच्या मैदानावर सामना असला की अर्धं गाव तिकडं लोटे. त्यातले निम्मे गिरणीचेच कामगार. खेळाडू त्यांच्यातलेच होते, त्यामुळं हरले तर शिव्याही हक्कानं मिळत.

माझ्या हातात माइक दिला तो दिनकरनं. दिनकर संघाचा कप्तान, माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्या घरी यायचा तेव्हा माझी आई आधी त्याचं ताट वाढायची आणि मग माझं. चेंडू त्याच्या काठीला चिकटल्यासारखा राही. मैदानाबाहेर मात्र तो हळू बोलणारा, समोरच्याचं ऐकून घेणारा होता. एकदा सामना बघताना मी शेजारच्यांना काहीबाही समजावत होतो, ते त्यानं ऐकलं आणि पुढच्या रविवारी मला टेबलामागं नेऊन बसवलं. मी रेडिओवर ऐकलेली इंग्रजी समालोचनं बाजूला ठेवली आणि आमच्या बोलीत सांगायला लागलो. कोण पळून राह्यला, कोण उगाच उभा हाय, पंचाचं कुठं चुकलं. लोक मैदानाइतकेच कर्ण्याकडं बघायला लागले.

त्या वर्षी आषाढापासून गिरणीच्या फाटकासमोर संपाचा मांडव पडला. जिनिंगचं, म्हणजे सरकी काढण्याचं, काम हंगामी असतं. कापूस आला की माणसं घ्यायची, संपला की घरी पाठवायची. दर हंगामाला कुणाला बोलवायचं ते मुकादमाच्या मर्जीवर होतं. कामगारांची मागणी एका वाक्यात मावणारी होती. गेल्या हंगामाला जी माणसं कामावर होती, त्यांना पुढच्या हंगामाला आधी बोलवा. एवढ्यासाठी सगळा पावसाळा ते चिखलात बसले. खेळाडूही त्यांच्यासोबत बसले. दिनकरनं मांडवात उभं राहून सांगितलं, की जोवर हे फाटक उघडत न्हाई तोवर आमच्या काठ्या खुंटीला. मी तिथंच होतो. रहीमभाईनं त्याला मिठी मारलेली मी पाहिली.

रहीमभाई प्रेसवरचे जुने कामगार. त्यांचा धाकटा भाऊ यूसुफ आमचा गोलकीपर. यूसुफ अंगानं आडवा, बोलायला लाजरा. गोलात उभा राहिला की मात्र त्याच्या डोळ्यांत वेगळंच काही दिसे. भावाला तो बापाच्या जागी मानायचा. त्याच्या पायांचे पॅड फाटले की रहीमभाई स्वतः त्यात रुई भरून दाभणानं शिवून देत.

दिवाळीच्या आधी समेट झाला. मॅनेजरसाहेब मांडवात आले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, की जुनी माणसंच घेऊ, कापूस येऊ द्या. पेढे वाटले गेले. खेळाडूंना दुसऱ्याच दिवशी आत घेतलं. कामगारांना सांगितलं, की भोंगा वाजेल तेव्हा या.

भोंगा काही वाजेना. आणि तेवढ्यात गिरणीनं सामना ठेवला. मी टेबलावर जाऊन बसलो, माइक तपासला आणि समोर पाहिलं तर मैदानाच्या कडेला कुत्री पडली होती. पायऱ्या रिकाम्या. समोरच्या हॉटेलात कामगार चहा पीत बसले होते, मैदानाकडं पाठ करून. संपात धंदा बुडाला म्हणून दुकानदारही रुसलेले. रिकाम्या मैदानावर काठीला चेंडू लागल्याचा आवाज किती मोठा येतो ते मला त्या दिवशी समजलं. सामना झाल्यावर मी यूसुफला विचारलं, रहीमभाई का आले नाहीत. तो पॅडचे पट्टे सोडत खाली मान घालून म्हणाला, "भाई म्हणतो, तुमची हॉकी चालू झाली, आमचं मशीन कुठं चालू झालं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिनकर माझ्या माडीवर आला. त्याच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचित पाहिला होता. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं होतं, की शहर रुसलं असेल तर रुसू दे, आपण खेड्यात जाऊ. जिथं हॉकी कुणी पाहिली नाही तिथं ती दाखवू, नवे प्रेक्षक करू, आणि हंगामात त्यांना जालन्याला आणून असा सामना करू की रुसलेलेही धावत येतील. ट्रक गिरणीचा, जीप गिरणीची. पण खेड्यातल्या माणसाला हा खेळ कळणार कसा? दिनकर म्हणाला, तो तूच समजावून सांगशील, दुसऱ्या कुणाचं ते काम नाही. आनंदानं मी खाली जाऊन दोघांसाठी भजी आणली.

रविवार आला, सुट्टी आली की आम्ही निघायचो. पहाटेचा गारठा, ट्रकमध्ये काठ्यांचा खडखडाट, जीपच्या टपावर कर्णा बांधलेला. तीर्थपुरीला बाजाराच्या दिवशी गेलो. गावकऱ्यांनी बाजरी काढून रिकामं झालेलं एक रान दिलं, धसकटं उपटली, बैल जुंपून फळी फिरवली. फक्कीच्या रेषा मारल्या आणि कर्णा लिंबावर चढवला. आधी पोरं आली, मग बाजार आटोपलेली माणसं, मग कापूस वेचणाऱ्या बाया, कमरेच्या ओट्या तशाच फुगलेल्या. त्या बांधावर बसल्या. तेव्हा खेळ सुरू व्हायचा तो बुलीनं. दोन खेळाडू समोरासमोर वाकून आधी जमिनीला काठी लावत, मग एकमेकांच्या काठीला, असं तीनदा, आणि मग चेंडूवर झडप. लोकांना ती बुलीच सगळ्यांत आवडली. जमीन, काठी, जमीन, काठी असं बांधावरच्या बाया तालावर म्हणायला लागल्या आणि मला पुढं काही सांगायची गरज उरली नाही.

तिथंच आसाराम भेटला. मेंढरं राखणारा, विशीतला, खांद्यावर घोंगडं. मध्यंतरात मी माइक घेऊन लोकांत फिरायचो. त्याला विचारलं, काय दिसलं तुला? तो आधी मागं सरला, मग कर्ण्यातून आपलाच आवाज आलेला ऐकून हसला. "कोकरू कळपातून फुटलं की आम्ही त्याला मारत न्हाई," तो म्हणाला. "काठी निस्ती पुढं धरतो, ते आपसूक वळतं. तुमचा कप्तान तेच करून राह्यला." सगळं रान हसलं, दिनकरही हसला. पुढच्या प्रत्येक गावात मी आसारामचं ते कोकरू सांगितलं, आणि प्रत्येक गावात लोकांना दिनकरची काठी लगेच कळली.

जांबला समर्थांच्या दर्शनाला आलेली माणसं पिशव्या बाजूला ठेवून सामना बघत उभी राहिली. दुसऱ्या एका गावात सपाट जागा म्हणून होती ती बौद्धवाड्यासमोरची. आम्ही तिथं रेषा मारल्या. वाड्यातल्या एका मॅट्रिक झालेल्या तरुणानं निळ्या कापडाचे तुकडे काठ्यांना बांधून कोपऱ्यांवर रोवले आणि दिवसभर तो रेषेवर पंच म्हणून उभा राहिला. एरवी त्या बाजूला न फिरकणारे लोक त्या दिवशी त्याच्या शेजारी उभे होते, कुणाच्या अंगाला कुणाचं अंग लागतंय याची फिकीर नव्हती. परतताना मी जीपमध्ये दिनकरला म्हणालो, की भाषणांनी होत नाही ते हा एक चेंडू करतो. असलं काहीतरी मी त्या वयात फार बोलायचो. दिनकर बाहेर बघत राहिला. मला वाटलं, थकला असेल.

मॅनेजरसाहेबांची एवढीच विनंती होती, की शेवटी गिरणीबद्दल दोन शब्द बोला. ते शब्द मी मन लावून घडवले. "कापूस तुमचा, म्हणून गिरणी तुमची. गिरणी तुमची, म्हणून हा संघ तुमचा. जालन्याला या. तुमच्यासाठी फाटक उघडं आहे." टाळ्या पडायच्या. दर गावात मी तो शेवट थोडा थोडा सुधारत गेलो. कुठं थांबायचं, कुठला शब्द ओढायचा. मला वाटायचं, मी लिहिलेलं सगळ्यांत चांगलं वाक्य ते.

सामना संपला की गावकरी हुरडा भाजत, चटणी आणत. खेळाडू खात बसत. दिनकर मात्र गावातल्या तरण्या पोरांच्या घोळक्यात बसायचा. कुणाचा दंड हसत हसत दाबून बघायचा, कुणाला विचारायचा, किती वजन उचलतोस, घरी कोण कोण असतं. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी एकदा विचारलं, कसली चौकशी चालवलीस? तो म्हणाला, "संघाला फुलबॅक शोधून राह्यलो." मी ते माइकवरही सांगितलं. पोरं खूश झाली.

मोठा सामना ठरला तो नांदेडकडच्या एका संघाशी. त्या दिवशी दुपारपासून गिरणीचे ट्रक येत राहिले. उभ्यानं खच्चून भरलेले, वर फेटे, टोप्या, टॉवेल गुंडाळलेली डोकी. बहुतेक सगळे तरुण. बाया का आल्या नाहीत असं मला क्षणभर वाटलं, मग वाटलं, लांबचा पल्ला आहे. खेड्यातून एवढी माणसं हॉकी बघायला येऊन राह्यली ही बातमी गावात पसरली आणि रुसलेलं जालनाही मैदानाकडं आलं. कामगार आले, रहीमभाई आले. पायऱ्यांवर जागा उरली नव्हती. तीर्थपुरीची पोरं कडेला अवघडून उभी होती, तर रहीमभाई स्वतः उठले आणि शेजारच्यांनाही त्यांनी सरकवलं. "पोरांनो, इकडं बसा," ते म्हणाले. "इथनं गोल बराबर दिसतो." माझं टेबल जवळच होतं, म्हणून मला ते ऐकू आलं. मी ते माइकवर सांगितलं, जुने प्रेक्षक नव्या प्रेक्षकांना जागा देत आहेत म्हणून. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या.

सामना असा झाला की आजही डोळे मिटले तर मी तो पहिल्यापासून सांगू शकतो. यूसुफनं आडवं पडून छातीवर घेतलेला चेंडू, त्यानं उडालेली धूळ, धूळ खाली बसेपर्यंत गप्प राहिलेलं मैदान. शेवटाला दिनकर एकटा चेंडू घेऊन निघाला. काठी पुढं धरत, वळवत, एकेकाला मागं टाकत. आसाराम उठून उभा राहिलेला मला दिसला. गोल झाला आणि मी काय बोललो ते मलाच कळलं नाही. घसा बसला होता. लोक मैदानात घुसले, रहीमभाईनं भावाला उचललं. संपाच्या सगळ्या पावसाळ्याचं जे काही मनात साचलं होतं ते त्या संध्याकाळी धुऊन निघालं, असं मला वाटलं. मी एकटाच नव्हतो, सगळ्यांनाच तसं वाटलं असणार.

मग दिनकर घामानं निथळत टेबलापाशी आला. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, की बाहेरगावच्या लोकांची जेवणाची सोय गिरणीच्या आवारात केली आहे, त्यांना मोठ्या फाटकानं आत जायला सांग. मी सांगितलं. बसलेल्या घशानं, प्रेमानं सांगितलं. घाई करू नका, सावकाश जा, सगळ्यांना जागा आहे. ती पोरं ओळीनं आत गेली. जालन्याची माणसं कडेनं उभी राहून त्यांना हात करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना गिरणीचा भोंगा वाजला. संपानंतर पहिल्यांदाच. माझ्या वर्गात कामगारांची बरीच मुलं होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि त्या मिटल्या डोळ्यांखाली त्यांचे चेहरे फुललेले मी पाहिले. माझ्याही मनात आलं, की आमच्या सामन्याच्या पायगुणानं हंगाम सुरू झाला.

मधल्या सुट्टीत यूसुफ आला. चिंचेखाली उभा होता, आत येईना. भोंगा ऐकून सगळे धावत गेले होते, त्यानं सांगितलं. फाटक बंद होतं. आतून पहारेकरी म्हणाला की माणसं भरली. गजांतून बघितलं तर आत कालची पोरं कापसाच्या ढिगावर कामाला लागलेली. त्यांतल्या एकानं रहीमभाईला ओळखलं आणि आतून हात केला. काल जागा दिली होती म्हणून.

"तुमच्या आवाजावर आले ते, सर," यूसुफ म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता.

गिरणीनं मुकादम पाठवून माणसं गोळा केली असती तर ती बातमी दुपारच्या आत जुन्या जालन्यात पोचली असती आणि फाटकासमोर पुन्हा मांडव पडला असता. सामन्याला येणाऱ्या ट्रकांकडं संशयानं कोण बघणार? कामगारांनी स्वतःच्या हातांनी त्यांना वाट करून दिली होती. हे सगळं मला त्या चिंचेखाली उभ्या उभ्या कळलं, आणि तरी दिनकरचं नाव त्यात घालायला मन तयार होईना. मी स्वतःला सांगितलं, की त्यालाही फसवलं असणार.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो नुकताच गिरणीतून आला होता. त्याला नव्या माणसांवर सुपरवायझर केलं होतं, हे त्याच्या बायकोनंच चहा ठेवता ठेवता आनंदानं सांगितलं. मी त्याला विचारलं, तुला हे कधीपासून ठाऊक होतं? तो खोटं बोलला नाही. समेटाच्या दिवसापासून, असं म्हणाला. गिरणी कुणाला तरी घेणारच होती, खेड्यातली पोरंसुद्धा गरीबच आहेत, त्यांच्या पोटाला मिळालं तर त्यात वाईट काय, असं बरंच काही त्यानं शांतपणे सांगितलं. मी म्हणालो, मला सांगायचं तरी.

"तुला सांगितलं असतं तर ते तुझ्या आवाजात आलं असतं, सुधाकर," तो म्हणाला. "तू खरं समजून बोलत होतास, म्हणून लोकांनी खरं मानलं."

मी चहा न घेता उठलो. माझ्या आईनं त्याला आधी वाढलेली सगळी ताटं त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढून गेली. फसवणारा माणूस आपल्या उणिवेवर नेम धरतो, असं मी तोवर समजत होतो. दिनकरनं माझ्याजवळ जे चांगलं होतं तेच नीट पारखून घेतलं होतं, जसे त्या पोरांचे दंड पारखले तसं. ही गोष्ट मला आजही सोसत नाही. मूर्ख ठरलो असतो तर एक वेळ हसून सोडलं असतं.

कामगार काही दिवस फाटकासमोर बसले. पण दुसऱ्यांदा तेवढा दम कुणात उरला नव्हता. हळूहळू जो तो हमालीला, रोजंदारीला लागला. आसाराम मला पुढं एकदा बाजारात भेटला. भुवया आणि पापण्या कापसाच्या तुसानं पांढऱ्या झालेल्या. त्यानं वाकून नमस्कार केला आणि पहिलं काय विचारलं, तर सामना कधी आहे. मी म्हणालो, सामना नाही. "आम्ही मॅच पाहाया आल्तो, मास्तर," तो म्हणाला. "मंग म्हणले, जेवा, काम बी हाय. काम भेटलं, खोटं कशाला बोलू. पर कुणाच्या जाग्यावर बसवून राह्यले, ते न्हाई सांगितलं." आदल्या दिवशी प्रेसवरचा एक जुना माणूस रस्त्यात त्याच्या अंगावर थुंकला होता. तेव्हा त्याला कळलं होतं. हंगाम संपला तसा त्यालाही घरी पाठवलं. पुढच्या हंगामाला तो आला, तर फाटकात आणखी लांबच्या गावांची नवीच माणसं होती.

आणि हॉकी? ती त्याच वर्षी बंद झाली. नव्या प्रेक्षकांचं काम झालं होतं. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, की संघाचा खर्च आता परवडत नाही. तीर्थपुरीच्या रानात पोरं म्हणे पुढं कित्येक दिवस बाभळीच्या काठ्यांनी बुली खेळत होती, आमची जीप येईल म्हणून. मला एकानं हे सांगितलं तेव्हा मी विषय बदलला.

संघ मोडल्यावर यूसुफनं ट्रक चालवला, मग रिक्षा घेतली. दिनकर गिरणीत हुद्द्यानं वाढत गेला. मी शाळेत राहिलो. पण गावानं मला वगळलं ते कुणी न बोलता. न्हाव्याच्या दुकानात मी शिरलो की चालू असलेलं बोलणं थांबे. वर्गात रहीमभाईचा मुलगा धडा वाचायला उभा केला तर वाचायचा, पण माझ्याकडं बघायचा नाही. दिनकरचा जिवलग दोस्त, त्याच्याच जीपमध्ये फिरणारा, आणि हा म्हणतो ठाऊक नव्हतं, असं लोक म्हणत असतील. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मी माइक पुन्हा हातात घेतला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगायचो, घसा बरा नाही.

एक यूसुफ तेवढा माझ्याकडं येत राहिला. शुक्रवारी नमाज झाली की रिक्षा दाराशी लावून चहाला यायचा. आता रिक्षा मुलगा चालवतो, यूसुफ काठी टेकत चालत येतो. आम्ही पावसाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. त्या हंगामाबद्दल आम्ही इतक्या वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, त्याला माझी खात्री आहे म्हणून तो काढत नाही.

या दिवाळीनंतर एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. दिनकररावांचा सत्कार ठरलाय, ग्रामीण भागात हॉकी नेणारा कप्तान म्हणून, आणि तुम्ही त्या दौऱ्यांत होता, तर तुमच्या शब्दांत आठवणी सांगा. मुलगा अगदी आदरानं बोलत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी नाही म्हणालो. कारण विचारलं तर म्हणालो, ते मला जमणार नाही.

शुक्रवारी यूसुफला हे सांगितलं. चहा त्याच्यासमोर निवत होता. मग त्यानं कपाकडं बघतच विचारलं, "एक विचारू सर? तुम्हाला खरंच ठाऊक न्हवतं?"

आत सून कुकर लावत होती. शिट्टी झाली. मी म्हणालो, "नव्हतं, यूसुफ."

"बरं," तो म्हणाला.

मी वाट बघितली, की तो आणखी काही बोलेल. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, की त्याचे भाई त्याला हेच विचारायचे. तू त्यांच्या ट्रकमधी गावोगाव फिरत होता, तुला ठाऊक न्हवतं? दर ईदला, शीरखुर्मा खाऊन झाला की हळूच विचारायचे. मरायच्या आदल्या ईदलासुद्धा विचारलं. यूसुफ दर वेळी सांगायचा, न्हवतं भाई.

"मग? मानलं का त्यांनी?"

"काय माहीत सर," यूसुफ म्हणाला. "बरं म्हणायचा, आन् चहा प्यायचा."

असं म्हणून त्यानं निवलेला कप उचलला.